पास्तोर प्रॅट आणि पाकटाचा काटा

पास्तोर, म्हणजे पाद्री, एल्डन प्रॅट आमच्या गावात पाच वर्षं राहिला आणि पाच वर्षांत त्याला आमच्या भाषेत धड पाव मागता आला नाही. पाव म्हणायला जायचा आणि दांडका म्हणून बसायचा. दुकानात बायका तोंडावर हात ठेवून हसायच्या, आणि हा त्यांना आशीर्वाद देऊन बाहेर पडायचा. आपल्याला बघून लोकांना आनंद होतो, असा त्याचा समज होता.

मी त्याचा दुभाष्या. माझं नाव आल्सिदेस. ब्राझीलमधल्या तापाजोस नदीवर आमच्या गावाच्या खाली अमेरिकन लोकांचा रबराचा मळा होता. माझा बाप तिथे चीक काढायचा आणि मी साहेबाच्या बंगल्यावर वाढपी होतो. महायुद्ध संपलं तसे साहेब लोक गाशा गुंडाळून गेले. माझ्याकडे उरलं ते इंग्रजी, आणि त्याने नदीत मासा सापडत नाही. म्हणून पास्तोर आला तेव्हा मी आपण होऊन त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. पाच वर्षं मी त्याच्या डब्यातलं गोमांस खाल्लं आणि त्याच्या तोंडाचं काम केलं. त्याला नावं ठेवायची तर हे आधी सांगितलेलं बरं.

त्याचा दिवस सकाळी सहाला सुरू व्हायचा. दारात टांगलेला रुळाचा तुकडा तो हातोडीने बडवायचा. त्या वेळेपर्यंत माणसं नदीवर आणि बायका कसावाच्या शेतात पोचलेल्या असायच्या. मग तो मला, बायकोला आणि कुणाच्या तरी कुत्र्याला शास्त्र वाचून दाखवायचा. नंतर कॉफी. नंतर मोटार लावलेल्या होडीतून काठाकाठाने घरोघर. प्रत्येक घरी छापील पत्रकं वाटायची. वाचता कुणालाच येत नव्हतं, पण कागद पातळ होता आणि तंबाखू वळायला झकास होता, म्हणून लोक दोन-दोन मागून घ्यायचे. दुपारी पास्तोर टंकलेखन यंत्रावर घरच्या मंडळींना लिहायचा, की इथले लोक वचनाचे इतके भुकेले आहेत, एक पत्रक पुरत नाही.

संध्याकाळी पत्र्याच्या छपराखाली उपदेश. तो ओरडायचा, की तुम्ही चिखलात लोळणारी माणसं आहात, तुमचे बापजादे आगीत जळताहेत. मी सांगायचो, पास्तोर म्हणतात पाणी उकळून प्या, बापजाद्यांची आठवण ठेवा. लोक माना डोलवायचे. माना डोललेल्या बघून त्याला आणखी चेव यायचा. तो एवढे हातवारे करून आग ओकतो आणि मी दोन वाक्यांत आटपतो, हे त्याला कधी खटकलं नाही. आमची भाषा गरीब आहे, असं त्याने बायकोला समजावून सांगितलं होतं.

त्या घरात खरं काम कुणी करत असेल तर त्याची बायको, व्हर्ना. दहा वाजता ती पडवीत टेबल मांडायची. हिवतापाला क्विनीन, जंताचं औषध, जखमांना पट्टी. बाई बोलायची कमी. पण आजाऱ्यांच्या तोंडून ऐकून ऐकून तिला आमची भाषा नवऱ्यापेक्षा चांगली यायला लागली होती. प्रॅट त्या टेबलाकडे बोट दाखवून मला एकदा म्हणाला, "मासा धरायचा तर गळाला आधी गांडूळ लावावं लागतं, आल्सिदेस." मी हसलो. पगारी माणूस हसतो तसा.

गावात ओझ्मारिना नावाची म्हातारी होती. साठी उलटलेली, विधवा, हाडांची मोळी. सगळ्या गावाची सुईण तीच, आणि ओल्या डहाळीने झाडून, संतांची नावं घेऊन दुखणी उतरवणारीही तीच. बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातात धरणारी ती, म्हणून मी तिला माय म्हणायचो. तिच्या झोपडीत लाकडी पेटीत संत आंतोनियो होता. त्याचं नाक उंदराने खाल्लेलं होतं. पास्तोरच्या लेखी ती सैतानाची बायको होती. तिच्या लेखी पास्तोर म्हणजे उन्हात टोपी न घालणारा माणूस, याहून जास्त काही नव्हता. अंगात थंडी भरून कुणी आला की ती दोन वेळा झाडायची आणि सांगायची, हा हिवताप आहे, माझ्या हातचा नाही, त्या गोऱ्या बाईकडे जा आणि गोळ्या पुऱ्या खा. पास्तोरच्या टेबलावरची अर्धी गर्दी या सैतानाच्या बायकोने धाडलेली होती. मी त्याला हे सांगितलं नाही. सांगून कुणाचं भलं झालं असतं?

चौथ्या वर्षी त्याने फर्मान काढलं. त्या म्हातारीकडे जाईल त्याला गोळी मिळणार नाही. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः टेबलाशी खुर्ची टाकून बसला. प्रत्येकाला माझ्यामार्फत विचारायचा, "म्हातारीकडे गेला होतास?" मी विचारायचो, "जेवलास का?" आजारी माणूस काय जेवणार? तो मान हलवून नाही म्हणायचा. पास्तोर खूश, व्हर्ना गोळ्या देणार. महिनाभर असं निभावलं आणि मी स्वतःला फार हुशार समजायला लागलो.

मग मी सामान आणायला सांतारें शहरात गेलो. त्याच दिवशी झेनायदे आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पोरगी तापाने फणफणलेली. मनगटाला ओझ्मारिनाने बांधलेला लाल दोरा. दोरा कळायला दुभाष्या लागत नाही. पास्तोरने दोऱ्याकडे बोट दाखवलं आणि मग वाटेकडे. व्हर्ना दारात उभी होती, म्हणतात. काही बोलली नाही. झेनायदे परत गेली ती ओझ्मारिनाकडे. म्हातारीने पोरीला होडीत घातलं आणि त्या दोघी बायका दिवसभर वल्ही मारत तिला शहरातल्या नन्सच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. पोरगी वाचली. पण पुढचे सहा महिने ती भिंतीला धरून चालायची.

मी परत आल्यावर पास्तोरला विचारलं, असं का केलंत. तो म्हणाला, की त्याच्याही काळजाला घरं पडली, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. त्या दिवशी दुपारी तो नेहमीसारखा पोटभर जेवला. आणि नोकरी सोडायला हवी होती तेव्हा मी सोडली नाही. मीही जेवलो.

ऑक्टोबरात नदी उतरली, पांढरी वाळू उघडी पडली आणि पास्तोरने बाप्तिस्म्याचा रविवार ठरवला. सातजण तयार झाले होते. त्यातल्या तिघांचा हा दुसरा बाप्तिस्मा होता, कारण पहिल्या वेळी शर्ट मिळाला होता. उतरलेल्या पाण्यात आम्ही पाय उचलून टाकत नाही. वाळूत घासत, पुढे काठी टोचत जातो, कारण तळाला पाकट, म्हणजे चपटा मासा, पडून असतं आणि दिसत नाही. शेपटीचा काटा घोट्यात गेला की बाप्याही लेकरासारखा रडतो. मी हे पास्तोरला सांगितलं. तो म्हणाला, आपण प्रभूच्या पाण्यात उतरतोय, बदकांसारखे फरफटत जाणार नाही, ताठ चाला. मग पांढऱ्या झग्यात, ग्रंथ छातीशी धरून तो सगळ्यांच्या पुढे पलटणीसारखी पावलं टाकत निघाला. मागचे सातजण पाय घासतच होते.

दहावं पाऊल असेल. त्याच्या तोंडून निघालेला आवाज मी रबराच्या मळ्यावर कोसळलेल्या झाडाखाली अडकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकला होता, पुन्हा कधी नाही. ग्रंथ पाण्यात गेला. आम्ही त्याला उचलून वाळूवर आणला. तो हात चावत होता, आईला हाका मारत होता. व्हर्नाने टोचायचं औषध आणलं, टोचलं, फरक पडेना. ती माझ्याकडे वळली आणि आमच्या भाषेत म्हणाली, "म्हातारीला बोलवा."

मी पास्तोरच्या तोंडाशी वाकून इंग्रजीत विचारलं, बोलवू का. हे मला सर्वांसमोर त्याच्या तोंडून हवं होतं, कबूल करतो.

"बोलव," तो म्हणाला. "काय हवं ते करू दे. हवा तो संत बोलवू दे. फक्त हे थांबव."

ओझ्मारिना आली ती चुलीवरचं आधण घेऊनच. तिला बोलवायची गरज नव्हती, ओरडणं तिच्या घरापर्यंत पोचलं होतं. तिने त्याचा पाय सोसेल तेवढ्या कढत पाण्यात घातला, पाणी निवलं की दुसरं ओतलं. संत आंतोनियोचं नाव घेत, बसल्या बसल्या डुलत, दोन तास. पास्तोरने तिचं मनगट घट्ट धरलं होतं आणि सोडत नव्हता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यात माणूस परत आला.

नंतर आठ दिवस ती रोज जखम धुवायला गेली. मी वाटेत विचारलं, "माय, झेनायदेच्या पोरीचं तू विसरलीस का?"

"विसरेन कशी? वल्ही मारून माझे खांदे अजून दुखतात," ती म्हणाली. "पण पाय कुजला तर वास सगळ्या गावाला येईल, आल्सिदेस. तुझ्या पास्तोरला एकट्याला थोडाच येणार आहे."

पास्तोर बरा झाला आणि पहिल्याच दुपारी टंकलेखन यंत्राशी बसला.

मार्चमध्ये त्याच्या संस्थेचा मोठा माणूस आला, रेव्हरंड लॉइड हॅस्केल. गोरापान, घामाने थबथबलेला. त्याने संस्थेचं मासिक आणलं होतं. त्यात पास्तोरचं पत्र छापलेलं. मी ते पडवीत उभ्या उभ्या वाचलं. पास्तोर पाण्यात विषारी काट्याने घायाळ झाला, वाळूवर पडून त्याने प्रार्थना केली, आणि वेदना वस्त्र गळावं तशी गळून पडली. गावची चेटकीण हे बघत होती. ती गुडघ्यांवर कोसळली आणि तिने प्रभूचा स्वीकार केला. सोबत ओझ्मारिनाचा फोटो. व्हर्नाने कधीतरी अंगणात काढलेला, हातात कोंबडी धरलेली. फोटोखाली लिहिलं होतं, 'एकेकाळची चेटकीण'.

हॅस्केलला तिची साक्ष ऐकायची होती. रविवारी पत्र्याखाली सगळं गाव जमलं. सकाळीच पास्तोर मला बाजूला घेऊन म्हणाला, की म्हातारी भोळी आहे, ती काय बोलेल त्याचा नेम नाही, तू नेहमीसारखा भावार्थ सांग. 'नेहमीसारखा' म्हणताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी उपदेशाचं काय करतो हे त्याला ठाऊक होतं, निदान संशय होता, आणि त्याने चालू दिलं होतं. माना डोलल्याशी त्याला मतलब. पाच वर्षं मी ज्याला बनवत होतो असं मानत होतो, त्याला माझं ते बनवणंच कामाला येत होतं.

ओझ्मारिनाला पुढच्या बाकावर बसवलं. हॅस्केलने विचारलं, "प्रार्थनेने पास्तोरांची वेदना गेली ते बघून तुम्हाला काय वाटलं?" मी प्रश्न शब्दाला शब्द सांगितला. मासिकात काय छापलंय तेही सांगितलं, चेटकिणीसकट. लोकांत कुजबुज झाली.

ती म्हणाली, "त्याला सांग, प्रार्थना मी केली. हा आईच्या नावाने रडत होता. त्यात लाज नाही, सगळेच रडतात. पण आजारी पोरीला दारातून हाकलायची लाज वाटायला हवी होती. आणि कोंबडी माझी नाही, झेनायदेची आहे, तेही लिही म्हणावं."

मी इंग्रजीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. पोरीचं काय ते हॅस्केलने विचारलं, तेही सांगितलं, आणि 'जेवलास का' हेही. पास्तोर पायातल्या बुटांकडे बघत राहिला. व्हर्ना रडत नव्हती. ती सरळ समोर बघत होती.

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. हॅस्केलने रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, की प्रभूचे मार्ग गूढ असतात, आणि या वृद्ध भगिनीची नम्रता पाहून आपल्याला भरून आलं आहे. मग त्याने सगळ्यांना उभं करून गाणं म्हणायला लावलं. लोक गायले. चाल चांगली होती.

मला दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. पास्तोरला तीन महिन्यांनी बेलें शहरात बढती मिळाली. तिथे तो नव्याने आलेल्या तरुण पास्तोरांना नदीकाठच्या लोकांशी कसं वागावं ते शिकवणार होता. हे मला त्याने स्वतः सांगितलं, हात मिळवताना, आणि मी तो हात मिळवला.

जायच्या आधी व्हर्ना चार दिवस रोज ओझ्मारिनाच्या झोपडीत गेली. औषधांची अख्खी पेटी तिने तिथे नेऊन ठेवली. कुठली गोळी कशाला, मोठ्याला किती, लेकराला किती, हे तिने चुलीच्या कोळशाने भिंतीवर चित्रं काढून दाखवलं. थंडी भरलेला माणूस, त्याच्यापुढे गोळ्यांचे ठिपके. पास्तोरला माहीत असणारच. त्याने विचारलं नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या माणसाने केलेली ती एकच बरी गोष्ट. शेवटच्या दिवशी मी दाराशी होतो. व्हर्ना म्हणाली, त्या दिवशी मी दारात उभी होते. ओझ्मारिना म्हणाली, माहीत आहे. एवढंच. मग म्हातारीने तिला कॉफी दिली.

गोळ्या दीड वर्ष पुरल्या.