दातवालीचं स्थळ

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. कवळ्या बनवायच्या एका कारखान्यात ती सतरा वर्षं कामाला होती. डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवत, त्यावरून ही प्लास्टरचा साचा ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, घासूनपुसून कवळी पाठवून द्यायची. ती कुणाच्या तोंडात गेली, तो माणूस त्या दातांनी हसला की भांडला, काही कळायचं नाही. माणसं पलीकडे दवाखान्यात, ही इकडे टेबलावरच्या दिव्याखाली. घरीही फार वेगळं नव्हतं. धाकटा भाऊ आणि भावजय त्यांच्या खोलीत, आई टीव्हीसमोर आणि ही आपल्या खोलीत उद्याचे कपडे काढून ठेवत बसलेली.

एकोणचाळीस पुरी झाली होती. कामाच्या नादात हिचं लग्न राहून गेलं, असं लोक म्हणत. साफ खोटं! लग्न तिला हवं होतं, चांगलं मनापासून हवं होतं. बोलायला, रुसायला, रविवारी उगाच बाहेर पडायला एक आपलं माणूस हवं होतं. पण येणाऱ्या प्रत्येक स्थळाची एकच अट, नोकरी सोडायची. आणि हिचं प्रत्येकाला एकच उत्तर.

त्यातच कारखान्यातले थोरले मिस्त्री, म्हणजे मुख्य कारागीर, निवृत्त व्हायला निघाले. आपली खुर्ची हिला द्या, असं त्यांनीच मालकांना सांगून ठेवलं. बाईमाणसाला ती खुर्ची आजवर कधी मिळाली नव्हती. होकार सोमवारी कळवायचा होता आणि रविवारी सकाळी स्थळ दारात उभं राहिलं.

मुलगा म्हणायचं, पण चव्वेचाळीस वर्षांचा. एका कचेरीत रस्त्यांचे नकाशे काढायचा. बरोबर फक्त त्याची आई. खुर्च्या कमी पडल्या तर तो न सांगता स्टुलावर बसला, आणि चहा झाल्यावर आपला कप स्वतः उचलून आत ठेवून आला. भावजयीची तारांबळ उडाली. दातवालीला मात्र तो माणूस तिथेच आवडला. हिला इतक्या लवकर कुणी आवडत नसे, त्यामुळे ती जरा घाबरलीच.

म्हातारीचं तिच्याकडे लक्ष होतं, पण तिचं लक्ष म्हातारीच्या तोंडाकडे होतं. बिस्किट चहात पार बुडवून मऊ केलं तरी ती ते डाव्या गालाकडेच ढकलत होती.

"उजवीकडे टोचतंय का?" हिने विचारलं.

म्हातारी चमकली. "अगं बाई! तुला कसं कळलं?"

"चावताय त्यावरून. कवळी नवी आहे ना? काढा बघू जरा."

"ताई!" भाऊ ओरडला, पण आता कोण ऐकतंय! हिने हात धुतले आणि बघता बघता हिचा अंगठा होणाऱ्या सासूबाईंच्या हिरडीवर फिरू लागला. सतरा वर्षांत जिवंत तोंड पहिल्यांदाच हाताला लागलं होतं. मुलगी बघायला आलेल्यांचेच दात मुलीने बघितले, अशी ही गंमत. भावाला कुठे तोंड लपवू असं झालं. आईने पदर तोंडाला लावला. नकाशेवाला मात्र स्टुलावर बसून हसत होता, आणि ते हसू हिला पाठमोरी असतानाही कळलं.

पर्समधली बारकी कानस काढून ती मोरीवर गेली. दहा मिनिटं घासलं, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा घासलं. म्हातारीने कवळी बसवली आणि कोरडं बिस्किट उजव्या बाजूने कडकन मोडलं.

"चार महिने डॉक्टरकडे खेटे घालतेय मी!" म्हातारी म्हणाली. "मुलगी पसंत. आपल्याला एकदम पसंत! फक्त ते कारखान्याचं बंद करायचं हं. लोकांच्या उष्ट्या तोंडाचे साचे कशाला हाताळायचे? घरी आहे की मी. माझे दात बघ हवे तेवढे."

भावाचा जीव भांड्यात पडला. तुम्ही दोघं जरा बोलून घ्या म्हणत त्याने दोघांना गॅलरीत पाठवलं.

गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांमुळे उभं राहायला जेमतेम जागा होती. हिने आडपडदा ठेवला नाही.

"मला उद्या मुख्य कारागिराची जागा मिळतेय. काम मी सोडणार नाही. तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझी काहीच हरकत नाही," तो म्हणाला. खरं बोलत होता.

"मग आत जाऊन आईंना तेवढं सांगा. मी शेजारी उभी राहते."

त्याने कठडा धरला. "आईचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. आत्ता हो म्हणून टाकू. पुढचं पुढे बघता येईल. तुम्ही थोडं समजुतीने घ्या."

"थोडं म्हणजे किती?"

त्याने तोंडापुढचा ओला कपडा बाजूला सारला.

"अख्ख्या गावाला रस्ते काढून देता, आणि गॅलरीतून खोलीत जायचा रस्ता सापडेना?"

तो हसला. तीही हसली. दोघं एकदमच हसली. या माणसाबरोबर जन्म सहज गेला असता. ती वाट पाहत राहिली. वाळत घातलेल्या चादरीचं पाणी ठिबकत होतं. तो खाली रस्त्याकडे बघत होता. शेवटी तीच आत गेली आणि हात जोडून म्हातारीला म्हणाली, "मला नाही जमणार."

पाहुणे गेल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, हे मी आणलेलं शेवटचं स्थळ."

"बरं," ती म्हणाली. हे ऐकून सुटल्यासारखं वाटेल, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तसं काही वाटलं नाही. दार लावून ती रडली.

सोमवारी तिने होकार कळवला. मुख्य कारागिराची खुर्ची काचेच्या वेगळ्या खोलीत होती. पहिल्या दिवशी ती जेवायला नेहमीच्या टेबलाशी गेली, तर चालू असलेल्या गप्पा थांबल्या, एकजण उठूनच उभा राहिला. आठवडाभर तिने नेट धरला. मग ती काचेच्या खोलीतच जेवू लागली. काम मात्र मान खाली घालावी लागणार नाही असं होत होतं. डॉक्टर आता तिचं नाव घेऊन कवळ्या मागायचे. याचा तिला अभिमान होता, आणि तो सांगायला कुणी नव्हतं.

तीन महिन्यांनी नकाशेवाला कारखान्यात आला. हातात रुमालात गुंडाळलेली आईची कवळी.

"पडली हातातून. दात निखळलाय. आई म्हणते, दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको."

"बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. तुमची आठवण काढते."

"आणि तुम्ही?" हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने विचारलं नाही, आणि त्याने आपणहून सांगितलं नाही.

"ठेवून जाऊ का थांबू?" तो म्हणाला.

"थांबा."

असलं किरकोळ काम ती आता हाताखालच्या मुलींना द्यायची. आज तिने स्वतः घेतलं. काचेपलीकडच्या बाकावर तो हात मांडीवर ठेवून बसला होता. तिने दोनदा मान वर केली. दोन्ही वेळा तो तिच्याकडेच बघत होता, आणि दोन्ही वेळा त्याने नजर खाली घेतली. निखळलेला दात बसवायचं काम अर्ध्या तासाचं. तिने दीड तास लावला.