टेसाचा पियानो

"आजचा दिवस तरी घरी ठेवायची ना तिला," शॉनाच्या स्वयंपाकघरात डीना पुटपुटली. "आमच्या पोरांनी महिनाभर घासलंय, आणि ही मध्येच किंचाळली म्हणजे?"

फ्रिजच्या उघड्या दाराआड टेसाची आई, मार्ला, लेमोनेडसाठी बर्फ काढत होती. आपण एकमेकींना दिसलोच नाही, असं दोघींनीही मुकाट्याने ठरवून टाकलं.

बाहेर अॅरिझोनातल्या गिल्बर्ट गावचं मे महिन्यातलं ऊन. गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती. शॉना हॅचच्या गॅरेजात सात मुलांची शाळा भरायची आणि आज तिथे वर्षअखेरचा वादनाचा कार्यक्रम होता. घडीच्या खुर्च्या चर्चमधून उसन्या आणलेल्या, आजी-आजोबा इस्त्रीच्या कपड्यांत, आणि पुढे काळाकुळकुळीत पियानो.

पियानो टेसाचा. मूल सरकारी शाळेतून काढलं की त्याच्या वाट्याचे पैसे अॅरिझोना सरकार आईबापांना वेगळ्या खात्यात देतं. डीनाच्या मुलाच्या खात्यात बेताचेच. टेसा दहा वर्षांची, बोलत नाही, म्हणून तिच्या खात्यात कितीतरी पट. शॉनाच्या शाळेचा निम्म्याहून अधिक खर्च त्यावरच निघायचा. "संगीतानं मोकळी होईल गं ती," शॉना म्हणाली, आणि मार्लाने खात्यातून पियानो मागवला. मार्लाच्या घरी जागा नव्हती, शॉनाकडे होती. पहिल्याच आठवड्यात टेसाने तो दोन्ही मुठींनी बडवला. तेव्हापासून त्यावर बाकीची सहा मुलं शिकत होती, आणि टेसा कपडे धुवायच्या खोलीत हेडफोन लावून बसायची, ड्रायरमध्ये गरगरणारे हॅच कुटुंबाचे टॉवेल बघत. शॉना त्याला 'टेसाचा शांत कोपरा' म्हणायची. मार्लाही तेच म्हणायला शिकली होती.

आज आवाज नको म्हणून शॉनाने ड्रायर बंद ठेवला होता. बघायला काही उरलं नाही, तशी टेसा उठून बाहेर आली.

डीनाचा मुलगा अगदी रंगात आला होता. टेसा त्याच्या शेजारी बाकावर टेकली, हेडफोन गळ्यात ओढले आणि सगळ्यात डावीकडची पट्टी एका बोटाने दाबली. बडवली नाही. घुमणारा आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबली, मग पुन्हा दाबली.

"आई, हिला ने ना इथून!" मुलगा ओरडला.

"आता हिची पाळी का?" एका आजोबांनी प्रेमाने विचारलं.

शॉना हसतमुखाने पुढे आली. "मार्ला, राणी, जरा घेतेस का तिला?"

"वाजवू दे," मार्ला म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "पियानो तिचा आहे."

"आहेच की! कोण नाही म्हणतंय?"

"मग वर्षभर ती टॉवेल का बघत बसलीय, शॉना?"

खुर्च्या करकरल्या. डीनाने लेमोनेडच्या पेल्यात तोंड खुपसलं. शॉनाच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त आवाज खाली आला.

"तुला माहीत नव्हतं? रोज तूच तर त्या दारातून आत सोडतेस तिला." ती जवळ सरकली. "त्या सरकारी शाळेतून दिवसाआड फोन यायचा ना तुला, येऊन घेऊन जा म्हणून? पार्किंगमध्ये रडायचीस, आठवतंय? मी एकदा तरी केला फोन?"

मार्ला पियानोकडे बघू लागली.

"ने की घरी. पियानो ने, खातं ने. उद्याच ट्रक बोलाव, माझा नवरा उचलू लागेल. मुलांना मी दुसऱ्या पियानोवर शिकवेन कसंही. पण मला एक सांग, बाई. सकाळपासून रात्रीपर्यंत, रोज. हवीय तुला ती घरी?"

टेसाने पट्टी दाबली. या खेपेला सगळं गॅरेज त्या आवाजाबरोबर थांबलं. तो विरत विरत गेला, एअर कंडिशनरच्या घरघरीत बुडाला, तेव्हा टेसाने मान वळवून आईकडे पाहिलं. हेडफोन अजून गळ्यातच होते.

"नको," मार्ला म्हणाली. "मला नकोय ती घरी."