थिएलिनची माणसं

लाय क्वोचेनच्या घरात थिएलिन सोडून दुसऱ्या कंपनीचा कॉम्प्युटर कधी आला नाही. मदरबोर्ड थिएलिनचा, पॉवर सप्लाय थिएलिनचा, अंगातला टी-शर्टसुद्धा थिएलिनने वाटलेला. तैपेईत आम्हा थिएलिनवाल्यांचा एक गट होता. रविवारी सकाळी कॉम्प्युटरच्या क्वांगह्वा बाजारामागच्या गल्लीत नूडल्सच्या दुकानात जमायचं, कोणी आपलं मशीन किती वेगाने पळवलं याच्या बढाया मारायच्या आणि युनहाय या स्पर्धक कंपनीच्या भक्तांची टर उडवायची. लाय या गटाचा म्होरक्या. त्याने एखादा भाग चांगला म्हटला की आम्ही तो डोळे मिटून घ्यायचो.

त्याच्या या वेडाला एक कारण होतं आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची बायको हुइलान सानछोंगच्या थिएलिन कारखान्यात सोल्डरिंगला होती. लग्नाआधी ती तिथे लागली, ती कॅन्सरने अंथरुणाला खिळेपर्यंत तिथेच होती. ती गेली त्याच वर्षी कंपनीने सानछोंगचा कारखाना बंद केला आणि माल बाहेरच्या देशात बनवून घ्यायला सुरुवात केली. खोक्यावरचं नाव मात्र तेच राहिलं. लायला तेवढं पुरेसं होतं.

त्साओ यीमिन हा त्याचा सगळ्यात जुना मित्र. बाजारात तिसऱ्या मजल्यावर त्याचा दुरुस्तीचा गाळा होता. एका रविवारी त्याने दोन काळे पडलेले पॉवर सप्लाय पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. दोन्ही थिएलिनचे, नव्या मालातले. आत स्वस्तातले भाग घातलेत, जास्त भार पडला की पेट घेतात, ओळखीच्या लोकांना सावध करा, असं त्याने सांगितलं.

लायने ते हातात घेऊन पाहिलेसुद्धा नाहीत.

"युनहायवाले किती देतात रे तुला?" त्याने विचारलं.

त्साओला आधी ही थट्टाच वाटली. तो हसला. पण लाय हसत नव्हता आणि टेबलाभोवतीचं दुसरंही कोणी हसलं नाही. त्साओने वाटी बाजूला सारली, पिशवी उचलली आणि निघून गेला. त्याच संध्याकाळी लायने त्याला गटातून काढलं. त्साओ विकला गेलाय ही गोष्ट मग आमच्यातल्याच कोणी कोणी बाजारभर केली. गिऱ्हाईक तुटलं. वर्ष सरायच्या आत त्साओने गाळा सोडला आणि एका मालवाहू कंपनीची गाडी चालवायला लागला.

लायला एकच मुलगी, युथुंग. ती तैपेईजवळ पानछ्याओला एकटी राहायची, लग्नाच्या चित्रफिती जोडून देण्याचं काम घरूनच करायची. तिचं मशीन अर्थातच बापाने बांधलेलं. त्साओला गटातून काढल्यावर काही दिवसांनी लायने तिच्या मशीनमधला जुना, चांगला चालणारा पॉवर सप्लाय काढला आणि थिएलिनचा अगदी नवा बसवला. गरज काहीच नव्हती. नव्या मालात खोट नाही हे त्याला कोणाला तरी दाखवायचं होतं. कोणाला, ते त्यालाच माहीत.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मशीनला काम लावून युथुंग सोफ्यावर लवंडली होती. जाग आली तेव्हा टेबल पेटलं होतं. चित्रफितींच्या डिस्क वाचवायला तिने आगीत हात घातला. शेजाऱ्यांनी दार फोडून तिला बाहेर काढलं. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली. डॉक्टरांनी ती सोडवली खरी, तरी पेन्सिल धरण्याइतकीही ती पुन्हा वळली नाहीत.

गटाच्या फोनवरच्या चॅटमध्ये बातमी आली तेव्हा पहिला अर्धा दिवस सगळे हळहळले. मग एकाने विचारलं, लायने तारा नीट जोडल्या होत्या ना? दुसरा म्हणाला, वय झालंय त्याचं. तिसऱ्याने तर, नुकसानभरपाईसाठी माणसं काय काय करतात, असं लिहिलं. लाय हे सगळं हॉस्पिटलच्या बाकावर बसून वाचत होता. 

भेटायला आला तो एकटा त्साओ. येताना कांजी घेऊन आला होता. जुनं काही बोलला नाही. आगीची चौकशी करणारा अधिकारी उद्या येणार आहे, त्याला तो पॉवर सप्लाय नीट उघडून बघायला लाव, माझ्याकडचे दोन्हीही मी आणून देतो, इतकंच त्याने सांगितलं. लायने होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आला, तेव्हा त्साओ पिशवी घेऊन दारापाशी उभा होता. अधिकाऱ्याने विचारलं, यात कोणी काही बदल केला होता का?

"मी केला होता," लाय म्हणाला. "उघडून आतल्या तारा बदलल्या होत्या. चूक माझी आहे."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं आणि तो गेला. त्साओच्या हातातली पिशवी उघडलीच गेली नाही. युथुंग पलंगावर जागीच होती.

"बाबा, खरंच उघडला होता तुम्ही?"

लाय तिच्या पायावरची चादर नीट करू लागला.

"बाबा, मी विचारतेय."

"नाही."

"मग असं का सांगितलंत?"

"तुझ्या आईचं अख्खं आयुष्य गेलं गं त्या कंपनीत. तिच्या हातचं काम वाईट होतं असं मी कसं लिहून देऊ?"

युथुंगने पट्टी बांधलेला हात चादरीबाहेर काढला.

"आईने नव्हता बनवला तो," ती म्हणाली. "आई गेली, बाबा. हात माझा जळलाय."

 लाय उठून बाहेर गेला आणि बराच वेळ परतला नाही. त्या दिवसापासून औषधपाण्याचं त्साओच बघायला लागला. हॉस्पिटलमधून सुटल्यावर युथुंग दूर दक्षिणेला, काओश्योंगला मावशीकडे राहायला गेली. तिचं सामान त्साओने आपल्या गाडीतून पोचवलं. लाय खाली रस्त्यावर उभा होता. खोकी उचलायला कोणी त्याला बोलावलं नाही.

गटाने मात्र त्याला डोक्यावर घेतलं. स्वतःची चूक कबूल करणारा खरा थिएलिनवाला, असं त्याचं कौतुक झालं. लायने त्यातलं काही वाचलं की नाही कोण जाणे. रविवारी तो यायचा बंद झाला होता.

त्यानंतर थायचुंगला एक घर जळलं, मग शिनचूला. मग कंपनीने गाजावाजा न करता तो माल परत मागवला आणि जळलेल्या घरांना भरपाई कबूल केली. लायच्या जबानीमुळे त्यात युथुंगचं घर नव्हतं. लाय अग्निशमन कार्यालयात जाऊन म्हणाला, मी तेव्हा खोटं बोललो होतो. तिथल्या माणसाने शांतपणे विचारलं की तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय? जळका पॉवर सप्लाय केव्हाच कचऱ्यात गेला होता. लायकडे दाखवायला काहीच उरलं नव्हतं.

नंतर तो काओश्योंगला गेला. हे मला त्साओने सांगितलं, त्याला युथुंगने. तिने दार उघडलं, बापाला बसायला खुर्ची दिली. डाव्या हाताने चहा ओतला, थोडा सांडला, तो तिनेच पुसला. लायने कार्यालयात काय झालं ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. कप रिकामा झाल्यावर तिने विचारलं, "परतीची गाडी कितीला आहे तुमची?"

लायने तिकीट काढलेलं नव्हतं. पण आहे थोड्या वेळाने, असं म्हणून तो उठला.