रुमाल टाकलेली जागा

धम्मानंदनं चंद्रपूरवर रेघ मारली आणि पेनचं टोपण दातात धरून तो खालची नावं वाचू लागला.

"चंद्रपुरानं काय घोडं मारलं तुमचं?" पंचशीलानं विचारलं. ती शेजारीच शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती.

"लई ऊन असतंय तिथं. माणूस शिजतो."

"आन् नांदेडात काय बरफ पडून राहिला?"

पंचशीला माहेरची इस्लापूरची. मुदखेडात संसार मुरला, लेक कॉलेजला निघाली, तरी तिचं 'पडून राहिला' आणि 'करून राहिली' काही सुटलं नव्हतं. धम्मानंदनं तिच्याकडे न बघता जळगाव खोडलं. जळगावात आपलं कुणी नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. मग अमरावतीत तरी कोण बसलंय, असं पंचशीला म्हणाली, तर त्यानं अमरावतीही खोडून टाकलं.

ही यादी संघपालमामानं लातूरहून व्हॉट्सअ‍ॅपवर धाडली होती. पंचशीलाच्या या भावाचा स्वभावच असा, की चिमूटभर मीठ मागावं तर पोतं उतरवून जाईल. 'इंजिनीअरिंगची चार चांगली कॉलेजं सांग' एवढंच विचारलं होतं, तर त्यानं अख्खा महाराष्ट्र पाठवून दिला. बुद्धप्रियानं ती नावं कागदावर उतरवून घेतली होती आणि आता वडलांसमोर मांडी घालून ती मोबाइलवर गेल्या वर्षीचे कटऑफ बघत होती. तिचा सीईटीचा निकाल उत्तम लागला होता. इतका, की शेजाऱ्यापाजाऱ्यांना पर्सेंट आणि पर्सेंटाइल यातला फरक समजावून सांगायचं धम्मानंदनं सोडून दिलं होतं. जेवढं मोठं ऐकू येईल तेवढं ऐकू देत, असं त्यानं ठरवलं होतं.

सिव्हिलच करायचं, हे पोरीनं आधीच सांगून टाकलं होतं. कॉम्प्युटर घे म्हणणारे पुष्कळ भेटले, तिनं एकाचंही ऐकलं नाही. कॉलेज कुठलं, एवढाच प्रश्न उरला होता आणि त्यात ती फारसं बोलत नव्हती. बाप रेघ मारी, ती मोबाइलवर पुढचं नाव काढी.

पेन पुण्यावर आलं तेव्हा मात्र पंचशीलानं शेंगांचे हात तसेच पुढे केले आणि नावावर तळवा ठेवला.

"हे राहू द्या."

"आगं, पण मिळायला तर पाहिजे. काठावर हाय तिचं."

"काठावर हाय ना? मग राहू द्या काठावर. तुमचं काय जाते?"

कागदाला हिरवा डाग पडला, पण पुणे राहिलं. सांगली राहिली, कारण बुद्धप्रिया "सांगली चांगलं हाय, पप्पा" एवढं म्हणाली. कराड राहिलं, संभाजीनगर राहिलं. आणि नांदेड. तिथलं विष्णुपुरीचं कॉलेज तर यादीत कुणी न लिहिताही राहिलं असतं. मुदखेडहून रोज जाऊन-येऊन करता येईल असं ते एकच होतं आणि गेल्या वर्षीचा आकडा बघता तिथं बुद्धप्रियाचं नाव लागल्यातच जमा होतं.

"आता नंबर टाका," पंचशीला म्हणाली. "कोनतं पहिलं?"

धम्मानंदनं क्षणाचाही विचार केला नाही. त्यानं नांदेडच्या पुढे एक काढला आणि त्याला गोल केला.

"आधी जागा धरायची. विष्णुपुरीवर रुमाल टाकून ठेवायचा. जागा हातात आली की मग खुशाल पुण्याची वाट बघ."

हे तो बोलला ते काही उगीच नाही. धम्मानंद जिल्हा परिषदेत लिपिक होता आणि नोकरी लागल्यापासून मुदखेड-नांदेड अप-डाउन करत होता. संध्याकाळी नांदेडच्या स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत, ती वळत असतानाच, खिडकीतून रुमाल नेमक्या सीटवर टाकायचा, ही त्याची विद्या होती. धक्काबुक्की करणाऱ्यांना तो हसायचा. शांतपणे सगळ्यांच्या मागून चढायचा आणि आपल्या रुमालावर जाऊन बसायचा. पुढं हा रुमाल त्याच्या सगळ्या आयुष्यात शिरला. मेहुण्याच्या लग्नाचा हॉल, घरामागचा प्लॉट, दवाखान्यातला नंबर, काहीही असो, आधी रुमाल टाकायचा. निवांत विचार मग करायचा. आणि खरं सांगायचं तर या हिशेबानं त्याचं आजवर कुठं अडलंही नव्हतं.

बुद्धप्रिया त्या गोलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नांदेड पहिलं?"

"हाव. का?"

"काई न्हाई." तिनं कागदाची घडी घातली. "चालतंय, पप्पा."

धम्मानंदला बरं वाटलं. अकरावी-बारावीची दोन वर्षं पोर लातूरला मामाकडे होती, तेव्हा त्याचा जीव टांगणीला लागला होता. मामाचं घर, सख्खा मामा, तरीसुद्धा. आज मटकी चांगली मिळाली, उद्या सुट्टीच आहे, असली काहीतरी सबब काढून तो लातूरची गाडी धरायचा, तासभर पोरीसमोर बसायचा आणि परत यायचा. काय बोललात, असं पंचशीलानं विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं नांदेडला गेली. अर्ज घरी मोबाइलवरूनही भरता आला असता, पण ज्याचा कागद हातात येत नाही ते काम झालं असं धम्मानंद मानायचा नाही. त्याच्या ऑफिसजवळच उज्वलाताईंचं ऑनलाइन सेवा केंद्र होतं. नाकावर चष्मा, बोटं कीबोर्डवर आणि तोंड गिऱ्हाइकाशी, अशी तीन कामं त्या एका वेळी करायच्या. दाखला असो नाहीतर पेन्शन, जिल्हा परिषदेची निम्मी माणसं त्यांच्याकडेच यायची.

"जयभीम, काका. बसा. आलं का पोरीचं?" त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "सांग बेटा, पहिलं कुठलं?"

"नांदेड," बुद्धप्रिया म्हणाली.

उज्वलाताईंची बोटं थांबली. त्यांनी स्क्रीनवरचे तिचे मार्क पाहिले, मग चष्म्यावरून धम्मानंदकडे पाहिलं.

"आन् खाली काय काय हाय?"

"पुणं, सांगली, कराड, संभाजीनगर," धम्मानंदनं अभिमानानं सांगितलं. "नांदेड आपलं जागा धरायला. रुमाल टाकून ठेवला."

"आवो काका!" उज्वलाताई हसल्या. "ह्या गाडीत रुमाल टाकला की कंडक्टर दार लावून घेतोय. मग उतरता येत न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे ते सॉफ्टवेअर वरून खाली बघत येतंय. पहिल्या नंबरचं कॉलेज तुम्हाला बसण्यासारखं असलं की तेच देतंय आन् तिथंच लॉक. खालचे चार मग नुसते शोभेला. पुढच्या फेऱ्यापण बंद. आन् हिला तर नांदेड लागणारच. पाहिजे ते वर लिहायचं असतंय, काका. हमखास मिळणारं तळाला. तळाला ठेवलं म्हणून ते काई पळून जात न्हाई."

धम्मानंदला हे समजायला थोडा वेळ लागला. पण समजायच्या आधी त्याला एक गोष्ट जाणवली. 'हिला नांदेड लागणारच, तिथंच लॉक' हे कानावर पडताक्षणी त्याच्या छातीतून एक भलं मोठं ओझं उतरलं होतं. पोर घरी राहणार. सकाळी आपल्याबरोबरच मुदखेडहून निघणार, संध्याकाळी आपल्याबरोबरच येणार. किती बरं झालं! आणि एवढं वाटून झाल्यावर मग त्याला कळलं, की आपल्या हातून पोरीचं पुणं जात होतं.

तो लेकीकडे वळला. स्वतःचा राग माणूस दुसऱ्यावर काढतो, तसा त्याचा आवाज चढला.

"तुला ठाऊक नव्हतं हे? एवढं वाचत बसती मोबाइलवर!"

"ठाऊक होतं."

"मग काल तोंडातून शब्द का न्हाई काढला?"

बुद्धप्रियानं मांडीवरची फाईल सरळ केली. ती सरळच होती.

"मला वाटलं, तुम्हालापण ठाऊक हाय."

"मला कुठून ठाऊक असणार?"

"तसं न्हाई, पप्पा." ती हळूच बोलत होती, पण शब्द चाचपडत नव्हते. "मला वाटलं, तुमच्या तोंडून 'जाऊ नको' निघंना, म्हणून तुम्ही नांदेड वर ठेवलाव. म्हणलं, राहू दे."

उज्वलाताईंना एकदम प्रिंटरमधला कागद नीट करायची आठवण झाली. त्या उठून पलीकडे गेल्या.

मला ठाऊक नव्हतं, असं धम्मानंदला पुन्हा सांगायचं होतं. ते खरंच होतं, कुणाच्याही शपथेवर सांगता आलं असतं. पण मघाशी उतरलेलं ते ओझं त्याला आठवलं आणि शब्द तोंडातच राहिले. पोरीनं बापाला बरोबर वाचलं होतं. बापानं स्वतःला वाचलं नव्हतं, एवढाच काय तो फरक. आणि वाचूनसुद्धा ती 'चालतंय, पप्पा' म्हणाली होती. सिव्हिलसाठी साऱ्या गावाशी भांडलेली पोर इथं एका शब्दानं भांडली नव्हती, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"ताई," त्यानं हाक मारली. "या इकडं. नांदेड खाली घ्या."

"किती खाली?"

"तळाला."

"आन् वर?"

"ते मला न्हाई, तिला विचारा."

उज्वलाताई खुर्चीत बसल्या. बुद्धप्रियानं फाईल उघडली नाही की कागद काढला नाही.

"पुणं, सांगली, संभाजीनगर, कराड," ती एका दमात म्हणाली.

धम्मानंद तिच्याकडे बघतच राहिला. हा क्रम आत्ता ठरवलेला नव्हता. किती दिवसांपासून तो तिच्या ओठांवर असावा, कुणास ठाऊक. काल दिवसभर आपण रेघा मारत होतो आणि ही समोर बसून हे गिळत होती. 'तुला कुठं जायचंय' हे घरात तिला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. त्यानं तर नाहीच.

"संभाजीनगर कराडच्या वर?" विचारायचं म्हणून त्यानं विचारलं.

"तिथून घरी यायला रेल्वे हाय. थेट मुदखेडपर्यंत."

खिडकीबाहेर एक रिक्षावाला उगाचच हॉर्न वाजवत उभा होता, त्याच्याकडे धम्मानंद बघत बसला.

कळा खटखटल्या. उज्वलाताईंनी पाचही नावं मोठ्यानं वाचून दाखवली, बुद्धप्रियानं मान हलवली.

"आता एकदा लॉक केलं की बदल न्हाई. करू?"

"करा," धम्मानंद म्हणाला.

"तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतोय. सांगा."

मोबाइल त्याच्या शर्टाच्या खिशात वाजला. तिघांनाही ऐकू गेला. धम्मानंदनं तो बाहेर काढला आणि हातात धरून ठेवला. आकडे समोर होते, ठसठशीत होते. त्यानं ते मनात वाचले. पुन्हा एकदा वाचले. वाचून झाले तरी तोंड काही उघडेना.

"आला का, काका?"

"रेंज न्हाई वाटतं इथं," तो म्हणाला.

बुद्धप्रिया शेजारीच बसली होती. तिला स्क्रीन दिसत होता. तिनं नजर काढून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली आणि ती महिन्याच्या तारखा वाचू लागली.

"गेला टाइम," उज्वलाताई म्हणाल्या. "पुन्हा पाठवते."

"सावकाश, पप्पा," बुद्धप्रिया कॅलेंडरकडे बघतच म्हणाली. "घाई न्हाई."

तो आवाज समजुतीचा होता. रुसव्याचा नव्हता की आर्जवाचाही नव्हता. धम्मानंदनं तिच्याकडे पाहिलं. लातूरला मामाच्या ओसरीवर समोर बसायची ती ही पोर नव्हती. हिनं आत्ताच बापाचं खोटं बोलणं पाहिलं होतं आणि त्यालाही थोडी सवलत दिली होती. अशा पोरीला कुठंही पाठवावं. ती कुठं हरवणार नाही, हे त्याला अगदी स्वच्छ कळलं.

मोबाइल पुन्हा वाजला.

धम्मानंदनं घसा साफ केला. ऑफिसात निविदा उघडताना आकडे वाचायचा, तसा तो एकेक आकडा सुटा सुटा, खणखणीत वाचू लागला. मागे दाखल्यासाठी थांबलेली दोन माणसं वळून बघायला लागली.

"काका, हळू!" उज्वलाताई घाईनं म्हणाल्या. "ओटीपी हाय तो. सगळ्यांना ऐकू जायलाय."

"जाऊ दे ऐकू," धम्मानंद म्हणाला आणि शेवटचा आकडा त्यानं आणखी मोठ्यानं सांगितला.