अक्का आणि गाडीतला लहरी एसी

अक्काच्या नातीला मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. मुलगी झाली ती ऐन उन्हाळ्यात, आणि तीही अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. अक्काचा दमा उन्हात उसळायचा. डॉक्टरांनी सांगून टाकलं, "गाडी थंड असेल तर जा. नाहीतर पाऊस सुरू होईपर्यंत थांबा."

"तोवर पोर रांगायला लागेल," अक्का म्हणाली. "आणि मी असेन की नसेन!"

गाडी तिच्या धाकट्या भावाची. माणूस साठी ओलांडलेला सुतार, जग त्याला भाऊ म्हणायचं, पण अक्काच्या तोंडी तो अजून बारक्याच. अक्का चणीने बुटकी, खुर्चीवर बसली की पाय लोंबकळायचे. म्हणून भाऊने घरातल्या सगळ्या खुर्च्यांचे पाय करवतीने कापून टाकले होते. पाहुणा बसला की गुडघे हनुवटीला लागायचे, पण अक्का ऐटीत बसायची. गाडीच्या सीटला करवत लावता येईना, म्हणून तिथे अक्का पायाखाली एक जाडजूड उशी घ्यायची. उतरताना ती काखेत मारूनच उतरायची.

गाडीत एसी होता, पण लहरी. निघताना बर्फासारखा गार. बाजार ओलांडला की वारा मंद होत होत नुसता उसासा उरायचा. परत येऊन गाडी सावलीत लावली की खाली पाण्याचं थारोळं, आणि थोड्या वेळाने एसी पुन्हा ठणठणीत.

भाऊने गॅरेजच्या फेऱ्या सुरू केल्या. मेस्त्रीसमोर एसी शहाण्या मुलासारखा वागायचा. मेस्त्रीने गॅस भरला, पट्टा बदलला, एक बटणही बदललं. शेवटी हात टेकले.

"भाऊ, तुमच्या गाडीला काही झालेलं नाही."

"मग काय मला झालंय?"

"ते तपासायचं मशीन आमच्याकडे नसतं."

भाऊने घरी येऊन सांगितलं, जाणं काही जमत नाही. अक्का भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण दाराजवळ भरून ठेवलेली पिशवी तिने उघडली आणि बाळासाठी शिवलेली झबली एकेक करून कपाटात ठेवू लागली. भाऊला ते बघवेना. तो तसाच उलट पावली गॅरेजला गेला.

"बिघडतो तेव्हा गाडीत कोण असतं?" मेस्त्रीने विचारलं.

"मी आणि अक्का."

"मग अक्कांना घेऊन या. घरून जसे निघता तसेच या."

दुसऱ्या दिवशी अक्का पुढे, मेस्त्री मागे, भाऊ स्टिअरिंगवर. बाजार मागे पडला आणि वारा मंदावला. मेस्त्रीने मागून हात लांब करून एसीच्या जाळीवर तळवा धरला आणि लॉटरी लागल्यासारखा ओरडला, "बिघडला! भाऊ, बिघडला!"

"एवढा आनंद?" अक्का म्हणाली. "पेढे वाटायचे का?"

"मावशी, जरा उतरता? मला पुढे बघायचंय."

"उतरते. पण आधी माझी उशी सोडव. रोज तिथे चिकटून बसते मेली."

"चिकटते? कुठे?"

"समोरच्या त्या कागदपत्रांच्या डब्याखाली. आत ओढून घेतो तो तिला. मला वाटलं, सगळ्याच गाड्या अशा असतात."

मेस्त्रीने वाकून उशी ओढली. ती फट्‌ असा आवाज करून सुटली. उशीमागे एसीच्या पंख्याचं तोंड होतं. गाडीतली हवा तिथून आत जायची आणि गार होऊन वर यायची. उशीने ते तोंडच दाबून धरलं, की हवा अडायची आणि आतल्या नळ्यांवर बर्फ साचायचा. उशी गेली की बर्फ वितळून पाणी खाली.

मेस्त्रीने कपाळावर हात मारला. "काखेत उशी आणि गावाला वळसा!"

"अगं अक्का, इतके दिवस बोलली का नाहीस?" भाऊ म्हणाला.

"तुम्ही दोघे गॅसबद्दल बोलत होतात. उशीबद्दल मला कुणी विचारलं?"

त्याच संध्याकाळी भाऊने करवत काढली. फटी सोडून पट्ट्या ठोकल्या आणि सीटला लागून बसेल असं बुटकं स्टूल केलं. हवा खेळायला समोर मोकळी जागा राहिली. झबली पुन्हा पिशवीत गेली.

वाटेत अक्काने शाल गुंडाळली. "बारक्या, बंद कर रे तो. गारठले मी."

"मुळीच नाही. कुडकुडत बस."

ती खरंच कुडकुडत, हसत पोचली. दम्याने वाटेत एकदाही डोकं वर काढलं नाही. नातीने बाळ मांडीवर दिलं, तेव्हा अक्काने आधी चेहरा बघितला नाही. दुपटं बाजूला करून तिने दोन्ही पाय ओंजळीत घेतले.

"बारक्या, लांब आहेत रे हिचे पाय," ती म्हणाली. "हिच्यासाठी खुर्च्या कापायला नकोत."

अक्का त्यानंतर तिसऱ्या वर्षी, जानेवारीत, दुपारच्या झोपेत गेली.