धुतलेलं मीठ

मास्तर मबारूकला अक्कल असती तर त्याने ती पुडी वर्गात वर धरून दाखवली नसती. पण तो पडला नवा माणूस, चकेचके शहरातून आलेला, पोरांच्या माना बघून हैराण झालेला. वर्गात एकोणचाळीस पोरं, त्यातल्या सव्वीस जणांच्या गळ्यावर सूज, आणि पाढे विचारले की निम्मी नुसती तोंडाकडे बघत राहणारी. त्याने प्रत्येकाला घरून चमचाभर मीठ आणायला सांगितलं आणि प्रत्येक पुडीवर बाटलीतला एक थेंब टाकला. मिठात गळ्याचं औषध, म्हणजे आयोडीन, असेल तर ते निळं होतं. अडतीस पुड्या पांढऱ्याच्या पांढऱ्या राहिल्या. निळी झाली एकच, नस्राची.

"शाबास, नस्रा! असं मीठ हवं घरात!" मास्तर म्हणाला, आणि बेटावर काडी लागली. कारण नस्रा ही कझिजाची मुलगी, आणि बेटावरच्या एकूण एक घरात मीठ जायचं ते कझिजाच्याच मिठागरातून.

दुपारची नमाज होते न होते तोच बायका मिठागरावर येऊन धडकल्या. पुढे मिझे, सातव्या महिन्याचं पोट घेऊन. एका हातात मिठाची टोपली, दुसऱ्या हाताला तिची रिझिकी. रिझिकी नऊ वर्षांची होती आणि तिसऱ्यांदा पहिलीत बसली होती.

"स्वतःच्या लेकीला औषध आणि आमच्या पोरांना माती?" मिझे बांधावरूनच ओरडली.

कझिजाने हातातलं फावडं खाली ठेवलं नाही. "माती कशाला? चांगलं धुऊन देते की तुला. तूच म्हणाली होतीस ना, धू म्हणून?"

म्हणाली तर होतीच. चार वर्षांमागे सरकारी माणसाने कझिजाला फवारायचा पंप दिला, औषधाची बाटली दिली आणि मिठावर मारायला सांगितलं. आठवडाभरात बोंब उठली की हे औषध बायकांची कूस बंद करतं. बोंब कुणी उठवली ते अल्लाला ठाऊक, गावभर फिरवली मात्र मिझेने. रिझिकीच्या पाठीवर तिला दिवस राहत नव्हते, तिलाही कुणाच्या तरी माथी खापर फोडायचंच होतं. तिथे मीठ पूर्वीपासून धुतातच. वाफ्यातून काढलं की झापांच्या टोपलीत घालून खाऱ्या पाण्यात दोनदा बुचकळायचं, म्हणजे चिखल जातो. मिझेचा हट्ट असा, की औषध मारल्यावर पुन्हा धू, आमच्या डोळ्यांदेखत धू, नाहीतर तुझं मीठ कुत्रंसुद्धा चाटणार नाही. कझिजा विधवा बाई, मिठाखेरीज तिच्याकडे होतं काय? ती सरकारला फवारलेलं दाखवू लागली आणि गावाला धुतलेलं. सगळे खूश.

पुढे त्याच सरकारी माणसाने तिला सांगितलं, की धुतलंस तर औषध गेलं समुद्रात. गळे सुजतील, पोरांचं डोकं चालणार नाही, आणि पोटातल्या पोराचे तर जन्माआधीच हाल. कझिजाने ते विहिरीवर बायकांना सांगितलं. मिझे तिच्या पायाशी थुंकली. "हिला आम्हाला वांझ करायची घाई झालीय," म्हणाली.

मरा मग, असं कझिजा मनात म्हणाली. त्या दिवसापासून दर खेपेला औषध मारलेलं, न धुतलेलं एक मडकं मीठ ती घरासाठी बाजूला काढू लागली आणि गावाचं मीठ धूत राहिली. खोटं कशाला बोला, टोपली बुचकळताना तिला बरं वाटायचं. पुढे मिझेला दिवस राहिले, तेव्हा धुतल्याचाच हा गुण असं ती गावभर सांगत फिरली. कझिजा ऐकायची आणि आणखी एकदा टोपली बुचकळायची.

"तुला ठाऊक होतं?" मिझेने आता विचारलं.

"होतं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. विहिरीवर. तू थुंकलीस."

"एकदा!" मिझे किंचाळली. "मेले, मासळीच्या वाट्यावरून दहा-दहा दिवस भांडतेस, दारात येऊन शिव्या देतेस, आणि हे एकदा सांगितलंस?"

मिझेने कझिजाचा हात मनगटाला धरून ओढला आणि रिझिकीच्या गळ्यावर दाबला. "बघ. हात लावून बघ."

लिंबाएवढी गाठ होती. रिझिकी खुदकन हसली. "गुदगुल्या होतात," ती सावकाश म्हणाली. मग बराच विचार करून म्हणाली, "नस्राला सगळे पाढे येतात."

मिझेने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं कझिजाला वाटलं.

तेवढ्यात सगळी हकीकत वाटेत ऐकून मास्तर धापा टाकत आला. "भांडू नका! आधी धुवा आणि मग औषध मारा, झालं!"

"मारा की," कझिजा म्हणाली. "बाटली रमजानपासून रिकामी आहे. मी दोनदा निरोप धाडला."

"येईल. तीनेक महिन्यांत येईल."

सगळ्या बायकांच्या नजरा मिझेच्या पोटाकडे गेल्या. त्या पोटाला तीन महिने नव्हते.

"आणि हिचं?" मिझेने रिझिकीला पुढे केलं.

"सूज उतरेल," मास्तर म्हणाला. "बाकीचं... थोडंफार सुधारेल."

मिझे कझिजाकडे वळली. "तुझ्या घरात मडकं आहे."

संपलं म्हणून सांगता आलं असतं. नस्रासाठी तेवढंच उरलं होतं. कझिजाच्या ओठांवर ते आलंही होतं, पण हाताला अजून ती गाठ लागत होती. ती मिठागराला लागूनच असलेल्या आपल्या घरात गेली, मडकं घेऊन आली आणि तिने ते मिझेच्या पुढ्यात आदळलं.

"घे. आणि धुऊ नकोस."

"तू मला शिकवू नकोस," मिझे म्हणाली. तिने मडकं कडेवर घेतलं आणि स्वतःची टोपली कझिजाच्या उंबऱ्यावर उपडी केली. "हे तुझ्या लेकीला घाल." आभार कुणी मानले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. बायका निघून गेल्या.

दिवेलागणीला कझिजाने नारळाच्या दुधात कसाव्याचे कंद शिजवले आणि उंबऱ्यावरचं ते धुतलेलं मीठ गोळा करून त्यात टाकलं. नस्राने पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि बोटं चाटली.

"आई, आज मीठ अगदी बरोबर पडलंय."

कझिजाने आपलं ताट पुढे ओढलं, पण घास काही तिने उचलला नाही.