तांदळातलं नाव

माझं नाव शकुबाई. हे नाव मला तांदळात मिळालं. आमच्यात नवी सून माप ओलांडून आत आली, की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात तिचं सासरचं नाव लिहितो. पेढे वाटले, की माहेरचं नाव संपलं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. माझे मालक वाशीच्या मार्केटात माथाडी होते, पाठीवर गोणी वाहून त्यांनी संसार केला. सगळं आयुष्य घणसोली गावात भाड्याच्या खोल्यांत गेलं, पण ही रीत काही आम्ही सोडली नाही.

परवा माझ्या धाकट्याचं, शिवतेजचं, लग्न झालं. सून रुतिका महापेला एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते. शिकलेली आहे, पण शेफारलेली नाही. लग्नाआधी तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, की आई, माझं नाव नाही बदललं तर चालेल का? मी म्हणाले, बघू. आता सासूचं 'बघू' म्हणजे काय, ते कुठल्या पोरीला कळत नाही? तिचा चेहरा उतरला, पण पुन्हा काही ती बोलली नाही.

मी तरी काय करणार होते? थोरले दीर आप्पा यांनी नाव कधीच ठरवून ठेवलं होतं, राजलक्ष्मी. आप्पांनीच यांना गावाकडून आणलं, कामाला लावलं. त्यांच्यापुढे घरात कुणी चकार शब्द काढत नाही. मी तर त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदरही कधी ढळू दिलेला नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लक्ष्मीपूजनाला ताट मांडलं, तांदूळ पसरले, आणि रुतिकाचा फोन वाजायला लागला. तिने कापला, तो परत वाजला. आप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी म्हटलं, घे बाई, लक्ष्मी काही पळून जात नाही. ती हिरवा चुडा सावरत आतल्या खोलीत गेली. मी तिच्यामागे चहा घेऊन गेले. खरं सांगायचं तर चहा निमित्ताला, काय चाललंय ते बघायचं होतं.

फोनच्या स्पीकरवर तिच्या हाताखालचा मिथुन बोलत होता. एका दवाखान्याचे रिपोर्ट रुतिकाच्या कंपनीच्या मशीनमधून डॉक्टरांकडे जातात. मशीनमध्ये वायर जोडायचं एक कार्ड असतं, ते बिघडलं म्हणून मिथुनने नवं बसवलं होतं. तेव्हापासून एकही रिपोर्ट पुढे जात नव्हता आणि डॉक्टर खोळंबले होते. पोरगा घामाघूम झालेला फोनवरूनही कळत होता.

मला कुठलं राहवतंय. मी विचारलं, कार्ड नवं आहे, वायर धड आहे, मग अडलंय कुठे?

"नावात अडलंय, आई," रुतिका म्हणाली. "मशीन चालवणारा प्रोग्राम लिनक्स आहे. नवं कार्ड घातलं, तर त्याने आपल्या मनाने त्याला नवं नाव देऊन टाकलं. बाकी सगळी कामं जुन्या नावावर लावलेली. कार्ड चालू आहे, त्याचा दिवासुद्धा लागलाय. पण ज्यांना त्याच्याशी काम आहे ते जुन्या नावाने शोधतात, आणि त्या नावाचं इथे कुणी नाही असं उत्तर येतं."

माझ्या हातात अजून कपबशी होती. मी ती खाली ठेवली.

ती मिथुनला एकेक अक्षर सांगत होती. आधी कार्ड बंद कर, चालू असताना नाव बदलायला जाऊ नकोस. आता जुनं नाव दे. आता चालू कर. मग म्हणाली, हे एवढ्यावर सोडू नकोस, मशीन पुन्हा सुरू झालं की ते परत स्वतःच्या मनाचं नाव देईल. कार्डावर जो त्याचा जन्माचा क्रमांक असतो, त्याच्याशी हे नाव बांधून ठेव. मग मिथुन म्हणाला, गेले, मॅडम, रिपोर्ट गेले. रुतिकाने डोळे पुसले, पदर नीट केला आणि बाहेर जाऊन मुकाट पाटावर बसली. मी पण गेले.

आप्पांनी शिवतेजच्या हातात अंगठी दिली आणि राजलक्ष्मी लिही म्हणाले. शिवतेज बायकोकडे बघेना, आप्पांकडे बघेना. मी खाली बसले आणि तांदळावर पालथा हात ठेवला.

"आप्पा, माझी आई गेली तेव्हा मी का पोचले नाही, ते तुम्हाला माहीत आहे?"

आप्पा म्हणाले, निरोप उशिरा आला ना.

"निरोप वेळेत आला होता. खालच्या दुकानात फोन आला होता. गावच्या शेजाऱ्याने तालुक्याला जाऊन लावला, मैनाला बोलवा म्हणाला. त्याला माझं सासरचं नावच ठाऊक नव्हतं. दुकानदार म्हणाला, इथे मैना म्हणून कुणी राहत नाही, आणि त्याने फोन ठेवला. मी वरच्या खोलीत भात लावत होते. आई दोन दिवस दाराकडे बघत होती, आप्पा. मैना आली का, मैना आली का, म्हणत गेली."

मला हे भावाने मयताच्या घरात सांगितलं होतं. सासरी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, आई परत येणार होती? पण त्या दिवशी बोलताना रडू आवरेना, आणि आवरायला मी गेलेही नाही. डोक्यावरचा पदर कधी पडला ते कळलं नाही.

आप्पांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "पण रीत हाय, शकुबाई."

"रीत राहू द्या. ताट आहे, तांदूळ आहेत, अंगठी आहे. नाव तेवढं तिचं असू द्या. तिची आई तिला ज्या नावाने हाक मारेल, त्या नावाने ती या घरात सापडली पाहिजे."

आप्पांनी एकदा आमच्या यांच्याकडे पाहिलं. हे नेहमीसारखे भिंतीला टेकून गप्प. शेवटी आप्पा म्हणाले, लिही बाबा. शिवतेजने रुतिका लिहिलं. अक्षर छान आलं.

मग पेढ्यांची गडबड झाली. मी ओट्याशी ताटल्या लावत होते. बाहेरून कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. मी आपली पेढे मोजत राहिले. पुन्हा हाक आली. रुतिका आत आली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, तुम्हालाच बोलावतायत."

यांनी आयुष्यभर मला 'अगं' शिवाय हाक मारली नव्हती. भिंतीला टेकलेला तो माणूस तिसऱ्यांदा म्हणाला, "मैना, जरा बाहेर ये."

मी ओ दिली.